वसुधाताईंनी वाट पाहिली

उड्डाणाच्या दिवशी वसुधाताई आधी एक लहानसा काळा फुगा हवेत सोडत आणि तो दिसेनासा होईपर्यंत मान वर करून उभ्या राहत. त्या हे फुगे मंडईजवळच्या एका खेळणीवाल्याकडून घेत. "एवढा मोठा फुगा असताना हे कशाला?" असं त्याने एकदा विचारलं. ताई म्हणाल्या, "मोठा कुठे जाणार, ते हा सांगतो."

ताई खडकीला राहत. सासवडच्या पुढच्या माळावरून त्या गरम हवेच्या फुग्यातून लोकांना फिरवून आणत. मी जीप घेऊन खालून मागे जायची आणि फुगा उतरेल तिथे पोचायची. लोकांना नेण्यापेक्षा परत पाठवण्यात ताईंचा हातखंडा होता. वारा जरा वाढला की उड्डाण रद्द. "मॅडम, आज माझा बर्थडे आहे," असं एक तरुण कुरकुरला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही यावा, म्हणूनच नेत नाही."

माझं काही चुकलं तर रागवत नसत. "झालं ते सांग. बरं दिसेल ते नको," एवढंच म्हणत.

त्या सकाळी मार्केट यार्डातले एक निवृत्त व्यापारी आणि त्यांच्या पत्नी हडपसरच्या कोंडीत अडकले. बाकीचे प्रवासी तयार होते. मी ताईंना घड्याळ दाखवलं. "आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय गं," त्या म्हणाल्या. "पुन्हा कधी चढणार ते टोपलीत? थांबू जरा." ऊन तापलं की वारा उठतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

ते दोघे आल्यावर फुगा उशिराच निघाला. उतरताना वाऱ्याने तो विजेच्या तारांकडे ढकलला. वायरलेसवर त्यांचा आवाज आला, "सगळे खाली बसा, दोऱ्या धरा." घाई नव्हती त्या आवाजात. मग फुगा तारांना अडकून फाटला आणि टोपली कोसळली. प्रवाशांची हाडं मोडली, पण सगळे वाचले. ताई गेल्या.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "निघायला उशीर का झाला?" सिलिंडरचं काहीतरी कारण अगदी जिभेवर आलं होतं. मी झालं ते सांगितलं.

अहवाल आला, तेव्हा ताईंच्या यजमानांनी, माधवरावांनी, मला घरी बोलावून तो मोठ्याने वाचायला लावला. तारांना लागण्याआधी वैमानिकाने गॅसचे सगळे व्हॉल्व्ह बंद केले, म्हणून आग लागली नाही आणि प्रवासी वाचले, असं त्यात होतं. पुढच्याच परिच्छेदात होतं, की उशीर झाल्यावर उड्डाण करायला नको होतं. तो निर्णय वैमानिकाचा होता. तिथे मी वाचायची थांबले.

"वाचा," माधवराव म्हणाले. "बरोबर लिहिलंय. वसुधानेही हेच लिहिलं असतं." मग अहवाल माझ्या हातातून घेत ते म्हणाले, "पण आजोबांना ती नाही म्हणाली नसती, हेही खरं."

आता नव्या फुग्यावर दुसरे वैमानिक आहेत आणि वेळ पाळायचं काम माझ्याकडे आहे. उशिरा आलेल्यांना मी परत पाठवते. लोक चिडतात, दोन शब्द ऐकवतात. एखादी आजी हात धरून विनवते, तेव्हा मात्र मला तिच्याकडे बघून 'नाही' म्हणता येत नाही. मी जमिनीकडे बघत म्हणते.