बसायचं स्टूल

नाटकमंडळीतल्या सुतारमिस्त्रीचं एक ठाम मत होतं: रंगमंचावरची खुर्ची दिसायला असते, बसायला नव्हे. जातीवरच्या नव्या नाटकात नायकाला खुर्चीजवळ कुणी फिरकूही देत नाही, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून त्याने सिंहासनासारखी ऐटदार खुर्ची केली, पण पातळ प्लायवूडची आणि थर्माकोलची, वरून सोनेरी रंग. बडा घर पोकळ वासा!

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी दिग्दर्शकबाई आल्या त्या नाचतच. "मिस्त्री, शेवट सापडला! तो बसतो!"

"कशावर?" मिस्त्रीने विचारलं.

"खुर्चीवर! माणूस म्हणून बसतो."

"बसेल हो बाई माणूस म्हणून, पण उठेल तो हाडवैद्याकडे जायला."

बाईंनी कपाळाला हात लावला. खुर्ची मोडली तर लोक हसणार, आणि ज्याच्या मानासाठी सगळा खटाटोप, त्याचंच हसं होणार. मिस्त्रीला ते आतून लागलं. त्याचे वडील एका कचेरीत तीस वर्षं झाडू मारत. तिथे शिपायालाही स्टूल होतं. यांना मात्र जात आडवी आली म्हणून जिन्याशी उभं राहावं लागे. मिस्त्रीने रंधा हाती धरल्यावर पहिली वस्तू केली ती वडिलांसाठी, एक भक्कम स्टूल. घरी ते त्यावर राजासारखे बसत, पण कुणी आलं की झटकन उठून त्याला बसवत. "उभ्या माणसाशी बोलू नये," म्हणत. वडिलांमागे तेच स्टूल रंगाचे डाग मिरवत कामाच्या खोलीत पडून होतं.

मिस्त्रीने ते उचलून आणलं. "हे घ्या. हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही."

संध्याकाळी शेवटच्या प्रवेशात नायकाने सोनेरी खुर्चीला नुसतं बोट लावलं. ठरल्याप्रमाणे ती कोलमडली. मग स्टूल पुढे ओढून तो ऐसपैस बसला. टाळ्या थांबेनात. पडद्याआड मिस्त्री एकाच वेळी रडत होता आणि हसत होता, आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

प्रयोगानंतर एक प्राध्यापक लगबगीने आत आले. "स्टुलावरचा तो हिरवा डाग! दबलेल्यांना फुटलेली पालवी ना?"

"बालनाट्यातलं झाड रंगवताना रंग सांडला, सर."

"मग या स्टुलाचा अर्थ तरी काय?"

खांद्यावरच्या फडक्याने स्टूल पुसून मिस्त्रीने पुढे सरकवलं.

"आधी बसा, सर. मग बोलू."