बाबांच्या विहिरीची रेघ

देवाला मी हात जोडते, पण तेवढंच. कोणी भुताखेतांचं काढलं की उठून जाणारी मी... प्रोग्रामिंग करणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असतं की स्क्रीनवर आपोआप काही उमटत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

आमचं गाव मेडशी, वाशीम जिल्हा. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम मी घरूनच करते. शेतातली मोटार मोबाईलवर पाहता यावी असं वेब अ‍ॅप आम्ही बनवत होतो. प्रत्येक विहिरीचा वेगळा कंपोनंट, म्हणजे पानावरचा स्वतंत्र तुकडा, आणि त्यात मला चार्ट बसवायचा होता — मोटार चालू झाली की रेघ वर, बंद झाली की खाली, कर्सर नेला की छोट्या चौकटीत वेळ. दुपारी क्लायंटला दाखवायचं होतं. चाचणीपुरते आकडे मीच टाकले होते, सगळे शून्य. नाव काहीतरी हवं म्हणून दिलं, 'बाबांची विहीर'. आमच्या खऱ्या विहिरीवर ना माहिती पाठवणारं यंत्र, ना इंटरनेट.

रेघ सपाट यायला हवी होती. आली... आणि शेवटाला एकदम वर चढली. कर्सर नेला तर 'मोटार चालू', वेळ साडेबारा. घड्याळात तेव्हा जेमतेम बारा वाजले होते.

म्हटलं, टाइमझोनची भानगड असेल. आकडे पुसले, कॅशे साफ केली, सर्व्हर बंद करून परत चालू केला. शेजारी दुसरी विहीर टाकून पाहिली तर तिची रेघ सरळ. शेवटी वैतागून चार्टचा कंपोनंटच पानावरून काढून टाकला. तरी रेघ तिथंच, कर्सर नेला की चौकट उघडत होती. तेव्हा मात्र लॅपटॉप तसाच सोडून उठले.

आई ओसरीत तूर निवडत होती.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"वावरात. मोटार पाणी फेकून नाही राह्यली, जाळीत कचरा अडकला म्हणे. लाइन गेली तं इहिरीत उतरून साफ करतो म्हणत होते."

"स्टार्टरचा ऑटो काढला का त्याइनं?"

"कायले काढतीन? आज दिवसभर लाइन येत नाही म्हणते गावात."

आमच्याकडे सगळ्यांचे स्टार्टर ऑटोवर असतात. वीज केव्हा येईल नेम नाही. आली की मोटार आपली आपण सुरू होते, वावरात पळावं लागत नाही. आमची मोटार पाण्यात बुडालेली, तिच्या वायरच्या जोडाला नुसती टेप. आणि बाबा त्याच पाण्यात कमरेपर्यंत उभे असणार.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. विहिरीत उतरताना बाबा सदरा कडुनिंबाच्या फांदीला टांगतात, फोन त्याच्याच खिशात. मी तशीच अनवाणी स्कूटी काढली. वाटेत 'बाबा, बाहेर या, बाहेर या' एवढंच म्हणत होते, मोठ्यानं, वेड्यासारखी. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

विहिरीशी पोचले तेव्हा हाक मारायलाही थांबले नाही. सरळ स्टार्टरची पेटी उघडली आणि फ्यूज ओढले. तिसरा हातात आला, आणि पेटीवरचा दिवा लागला. लाइन आली होती.

"कोण हाय वर?" खालून बाबांचा आवाज.

"मी."

"काहून आली एवढ्या उन्हाची?"

मी काठावर बसून ढसाढसा रडले.

घरी आले तर पान रिकामं, जसं असायला हवं तसं. लॉगमध्ये काही नाही. कंपनीतल्या सिनियरनं सगळा कोड पाहिला, त्याचं उत्तर एकच — इथं चार्टच नाही तर रेघ येईल कुठून?

बाबांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तीच पंचाईत झाली आहे. ऑटो काढायचं ते अजूनही विसरतात, पण विहिरीत उतरण्याआधी फोन मात्र करतात. "पाह्य वं माय, तुह्या चार्टात काही दिसते का?"

चार्ट मी परत बसवलाय. मी पाहते. रेघ सपाट असते, कारण ते शून्य मीच टाकलेले आहेत. हे त्यांना कितीदा सांगितलं, पटत नाही. मग मी "थांबा" म्हणते, स्कूटी काढते, आणि ते वर येईपर्यंत तिन्ही फ्यूज ओढणीत बांधून काठावर बसून राहते.