एक वाजता शोभाचा निकाल

मित्र जसजसे जुने होतात तसतसे किस्से वाढत जातात. आता शाळेत जे घडायचं ते तेव्हाच घडून गेलं, त्यात भर पडायचं काही कारण नाही. पण आम्ही मुरुम गावच्या शाळेतले चारजण एकत्र बसलो की दर वेळी एखादा नवाच किस्सा निघतो, आणि बाकीचे शपथेवर सांगतात की तो खरा आहे!

परवा मात्र आम्ही किस्से सांगत होतो ते निव्वळ भीतीपोटी. रफिकचं स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं सकाळपासून बसलो होतो. दहावीचा निकाल एक वाजता लागणार होता. निकाल आमच्यातल्या कुणाच्या पोराचा नव्हता. आमच्याच वर्गातल्या शोभाचा होता!

शोभा आमच्याबरोबर नववीपर्यंत शिकली. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नववीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं आणि ती माकणीला गेली. आता तिचा पोरगा नोकरीला लागलाय, आणि तिनं यंदा बाहेरून फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली. ती तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, घरोघर जाऊन पोरं गोळा करते. तिथल्या बाई थोड्या वर्षांत रिटायर होतील. त्यांच्या जागेवर बसायचं तर आधी दहावी, मग बारावी. दहावीच अडली तर पुढचं सगळं अडलं.

"पोरं मला मावशी म्हणत्यात," ती एकदा म्हणाली होती. "एकदा तरी बाई म्हणावं वाटतंय."

परवा ती दुकानात कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. हॉलतिकीट मुठीत. चहाला नको म्हणाली, पाण्याला नको म्हणाली. पुण्याहून मुद्दाम आलेला दत्ता आणि मी, दोघं तिच्यापेक्षा जास्त घाबरलेले. माझं मेडिकल आहे, म्हणून मी बीपीचं मशीन घेऊन गेलो होतो. दत्ताचं बीपी बघून मी हादरलो. मग रफिकनं माझं बघितलं आणि म्हणाला, "सुभाष, मशीन बंद कर. त्याचं बघून तुझं वाढलंय!"

अशा वेळी काहीतरी बोलत राहावं लागतं. दत्तानं सुरुवात केली, "बिराजदार सर आठवत्यात का?"

*

बिराजदार सर आम्हाला गणित शिकवायचे. शिकवायचे मराठीत, पण चिडले की कन्नड सुरू! त्यामुळं मराठी चालू आहे तोवर वर्ग निवांत असायचा. पहिला कन्नड शब्द आला की सगळे वह्यांत डोकी घालायचे.

रफिकची पंचाईत मोठी होती. त्याला कन्नड ओ की ठो कळायचं नाही. शिव्या खातोय हे कळायचं, पण पुढं काय करायचं ते कळायचं नाही. शोभाच्या घरी कन्नडच बोलायचे. म्हणून तो मान तिरकी करून तिला हळूच विचारायचा, आणि ती हळूच सांगायची.

एकदा रफिकनं फळ्यावर गणिताचं असं काही करून ठेवलं की सर लालबुंद झाले. "होरगे होगु!" असे ओरडले.

रफिकनं शोभाकडं बघितलं. "काय म्हणत्यात?"

"बस म्हणत्यात," शोभा म्हणाली.

रफिक जागेवर जाऊन बसला. वर्गातल्या अर्ध्या पोरांना कन्नड येत होतं, ती एकमेकांकडं बघायला लागली. सर म्हणाले होते, बाहेर जा!

सर आ वासून बघत राहिले. शोभा उभी राहिली. "सर, म्याच बस म्हणून सांगितलं. बाहेर गेला तर त्याला उद्याचं बी येणार न्हाय."

सरांनी खडू उचलला आणि मराठीत पुढचं गणित घेतलं.

"तवा मला ए माकडा म्हणायची ही," रफिक म्हणाला. "आता रफिकभाऊ, तुमी, असं बोलती. आपल्यालाच भ्या वाटतंय!"

शोभा हसली नाही. घड्याळात अजून बारासुद्धा झाले नव्हते.

*

माझाही एक आहे. शाळेची तपासणी होती. सर आमच्यापेक्षा जास्त घाबरले होते. आठवडाभर एकच गणित घोटून घेतलं: चौरसाची बाजू पाच सेंटिमीटर, क्षेत्रफळ किती? झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे!

साहेब आले. नेमकं मलाच उभं केलं.  साहेब भला माणूस. त्यांनी मला धीर यावा म्हणून साधंच विचारलं, "बाळ, कुठून येतोस तू?"

मी छाती काढून ओरडलो, "पंचवीस चौरस सेंटिमीटर!"

सरांनी डोळे मिटले. साहेबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बस बाळ. बरंच लांबून येतोस."

*

आम्हाला वाटणारी सरांची भीती शाळेबरोबर संपली असं वाटत असेल तर दत्ताला विचारा.

दत्ताचं लग्न झालेलं, पुण्याला कंपनीत कायम झालेला, दिवाळीला गावी आलेला. मुरुमच्या स्टँडवर तोंडात गुटख्याचा तोबरा भरून उभा होता. बायको पलीकडं बांगड्यांच्या दुकानात. तेवढ्यात समोरून पिशवी घेऊन बिराजदार सर!

आता थुंकावं तर सर बघणार, आणि नमस्कार करावा तर तोंड उघडावं लागणार. दत्तानं काय करावं? समोर लागलेल्या एसटीत चढला. म्हटलं सर गेले की उतरू. सर तिथंच कुणाशी बोलत उभे राहिले, आणि एसटी सुटली!

कंडक्टर आला. "कुठं?" दत्ताला बोलता येईना. त्यानं नुसतं बोट पुढं केलं. कंडक्टरनं शेवटच्या स्टॉपचं तिकीट फाडलं. अक्कलकोट!

दत्ता संध्याकाळी परत आला तेव्हा बायको माहेरी फोन लावून रडत होती.

"मग तिला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"प्रसाद पुढं केला आन् म्हणलं, महाराजांचा बुलावा आला!"

*

हा किस्सा आम्ही किती वेळा ऐकला असेल, तरी परवा पुन्हा हसलो. पण असं हसू फार वेळ टिकत नाही.

तेव्हा रफिक शोभाकडं न बघता म्हणाला, "तू गेल्यावरचं तुला कुणी सांगितलंच न्हाय."

जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला. शोभाचं नाव पटावरून गेलं होतं, तिचं लग्न झालं हे सरांना माहीत होतं. तरी अवघड गणित फळ्यावर लिहून झालं की सर सवयीनं वळायचे आणि मुलींच्या बाकांकडं बघून म्हणायचे, "हं, शोभा, सांग."

 सर तिथंच थांबायचे, आणि मग ते गणित स्वतःच सोडवायचे. आम्ही मागं बसून खुसुखुसु हसायचो. पोरवय होतं. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

शोभानं पहिल्यांदा मान वर केली. "व्हय? खरंच म्हणायचे?"

"पावसाळा संपस्तोवर म्हणायचे."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा खाली बघायला लागली. रफिकनं ऐन उन्हाळ्यात पंखा उगाचच कमी केला, मग पुन्हा वाढवला.

*

परीक्षेच्या पहिल्या दिवशीची गोष्ट. शोभाचा नवरा तिला मोटारसायकलवर उमरग्याच्या केंद्रावर सोडून कामाला गेला. रफिक गेटबाहेर थांबला होता, काही लागलं तर असावं म्हणून. शोभा आत गेली आणि पाचच मिनिटांत परत बाहेर आली!

"अगं काय झालं?"

"सर म्हणले, पालकांनी बाहेर थांबायचं."

"अगं मग? तू पालक हायस व्हय?"

"सर म्हणले की!"

इतक्या वर्षांनी शाळेत पाऊल टाकलं, पण सर म्हणाले ते ऐकायचं ही सवय काही गेली नव्हती. पेपर सुरू व्हायला आला होता. रफिकनं तिला जवळजवळ ढकलतच आत नेलं. वर्गावरच्या सरांनी हॉलतिकीट बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि बिचारे ओशाळून म्हणाले, "बसा मॅडम, बसा."

मॅडम म्हटल्यावर तर शोभा आणखीच घाबरली. शेजारच्या बाकावरची पोरगी तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, घाबरू नका. आमचं बी काय झालेलं न्हाय!"

गणिताच्या पेपरला मात्र हसण्यासारखं काही घडलं नाही. ती बाहेर आली ती पांढरीफटक. "एक अख्खा प्रश्न राह्यला," एवढंच म्हणाली. नवऱ्याच्या मागं बसून गेली ती मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

*

आणि त्यात दत्ता!

शोभानं माकणीत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा सोडून कुणाला पत्ता नाही. सासूला सांगितलं, दाताच्या ट्रीटमेंटला उमरग्याला जायचंय, चार-सहा वेळा जावं लागेल. नापास झाली तरी बोभाटा नको. हुशार बाई, सगळा विचार केलेला.

आमच्या दत्ताला गणिताच्या पेपरच्या दिवशीच पुण्यात बसून प्रेमाचं भरतं आलं. त्यानं शाळेच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, भोवती फुलं, फटाके आणि खाली मोठ्या अक्षरात: आमच्या शोभाला दहावीच्या परीक्षेसाठी लाख लाख शुभेच्छा!

ग्रुपवर कुणाचा मेहुणा माकणीचा, कुणाची बहीण तिथं दिलेली. दिवस मावळायच्या आत तो फोटो गावभर झाला.

शोभा घरी पोचली तेव्हा सासू उंबऱ्यातच बसलेली.  पाणी दिलं, बस म्हणाली, आणि मग विचारलं, "गणिताचा दात निघाला का?"

सासू भली निघाली, पण आता सगळं गाव वाट बघत होतं. शोभा मला फोनवर म्हणाली होती, "सुभाषभाऊ, आधी माझ्यापुरती नापास झाले असते. आता माकणीसकट व्हणार!"

दत्ता तेव्हापासून तिच्यासमोर मान वर करून बोलत नाही.

*

एक वाजला. साइट उघडेना. गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. दुकानात आणखी चार-पाच पोरं मोबाइल घेऊन उभी, त्यांचंही तेच. 

शेवटी रफिकच्या मोबाइलवर पान उघडलं. सीट नंबर मागितला. शोभानं कागद न उघडता तोंडपाठ सांगितला. खाली दुसरा रकाना होता, आईचं नाव.

"शोभा, आईचं नाव सांग."

शोभा जमिनीकडं बघत होती. ऐकू गेलं नसावं असं वाटून आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मग लक्षात आलं, आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं! त्या बाईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आम्ही किती वेळा खाल्ली असेल. पण त्यांना अख्खं मुरुम आक्काच म्हणायचं. त्या गेल्या तेव्हासुद्धा गावात बातमी आली ती 'आक्का गेल्या' अशीच.

दत्ता म्हणाला, "नागम्मा असंल." रफिकनं टाकलं. माहिती चुकीची!

मी माझ्या आईला फोन लावला. "शोभाच्या आईचं नाव काय गं?"

"आक्का की!"

"अगं खरं नाव!"

"त्येच की खरं!" मग जरा थांबून म्हणाली, "महादेवी बघ. महादेवीच."

रफिकनं महादेवी टाकलं. माहिती चुकीची! पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. रफिकचा आवाज चढला. "शोभा, महादेवीच ना? व्हय का न्हाय सांग!"

"महादेवीच," शोभा खाली बघूनच म्हणाली.

"मग उघडंना की! या अल्ला, फॉर्म तर म्याच भरला. ह्या दुकानात रोजचे इतके फॉर्म, आता काय ध्यानात राहतंय!"

मी शोभाकडं बघितलं. हॉलतिकीट अजून तिच्या मुठीतच होतं, घडीसुद्धा उघडली नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जोवर ते पान उघडत नव्हतं, तोवर ती नापास नव्हती.  मला वाटलं, राहू दे अजून थोडा वेळ असंच. माझ्यातही ते पान बघायचं बळ नव्हतं.

बाहेर एक पोरगं "पास! पास!" ओरडत पळालं. शोभानं डोळे मिटले.

"आक्का टाका," ती म्हणाली.

"काय?"

"फॉर्म भरताना तुमी फोनवर ईचारलं, आईचं नाव काय. म्या आक्का म्हणले. तुमी तेच टाकलं. हॉलतिकिटावर बी तेच हाय."

रफिक तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं एकेक अक्षर दाबत टाइप केलं.

पान उघडलं.

आधी आम्हाला काही दिसेचना, तिघांची डोकी एकाच वेळी स्क्रीनवर आदळली. मग दत्ता मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. शोभाला वाटलं संपलं सगळं. तिनं भिंतीला हात टेकला.

"गणित सांगा," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "बाकीचं नगं. गणित सांगा आधी."

रफिक डोळे पुसायला लागला होता. मीच बोललो, "चौऱ्याऐंशी. सगळ्यात पास!"

दुकानातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी "काकू!" म्हणून ओरडलं. शोभानं डोळे उघडले, रफिकच्या हातून मोबाइल घेतला आणि अगदी नाकाजवळ धरून बघितला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला भान नव्हतं.

मग तिच्या कपाळाला आठी पडली. आमच्याकडं बघून ती करड्या आवाजात म्हणाली,

"सोळा कुठं गेले?"