मागचं सांगा, मग पुढचं आयका

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाबद्दल असं कागदावर लिहिणं हे मला अजूनही मोठ्या लोकांचं काम वाटतं. शब्द चुकतील, कदाचित जास्तच लिहिलं जाईल. पण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांनीच मला एकदा चालत्या गाडीत उभं करून म्हटलं होतं, "चुकलं तं चुकलं. मागचं सांग यायले." म्हणून मागचं सांगतो.

ते त्यांचं रोजचं वाक्य होतं. पांढुर्णा ते सौंसर चालणाऱ्या एका खाजगी बसचे ते ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. कुठल्याही थांब्यावर नवा माणूस चढला, की काका गियर टाकता टाकता आरशात पाहायचे आणि डावा हात उचलून मागे हलवायचे. पंगतीत उशिरा बसलेल्याचं पान वाढप्याला दाखवावं, तसा तो हात असायचा. "मागचं सांगा यायले. मग पुढचं आयका."

मागचं म्हणजे पुस्तकातलं मागचं. इतर गाड्यांत गाणी वाजतात, काकांच्या गाडीत पुस्तक वाजायचं. कोणीतरी वाचून दाखवलेलं, मोबाइलवरचं, बहुतेक हिंदीत, कधी मराठीत. कथा-कादंबरी नव्हे, खऱ्या गोष्टींचं. मुंग्यांचं, मिठाचं, चंद्राचं, झोपेचं.

याची सुरुवात चुकून झाली होती. काकांची मुलगी इंदूरला असते. तिने त्यांच्या मोबाइलवर भजनं भरून दिली होती. त्याच पानावर खाली काहीतरी दाबलं गेलं आणि एक माणूस मधमाश्यांबद्दल बोलू लागला. "वाटलं, पुढच्या वळनावर बंद करू," काका सांगायचे. "थ्या वळनावर मधमाशी नाचून रस्ता सांगून राह्यली होती. आता मले सांग, डायवर मानूस, कोनी रस्ता सांगून राह्यला अन् आपन बंद कराव?"

मी पांढुर्ण्याला लागूनच असलेल्या सावरगावचा. माझे वडील हंगामात संत्र्याच्या पेट्या ट्रकमध्ये भरतात. मला हवा होता तो विषय पांढुर्ण्याला मिळाला नाही, म्हणून मी रोज सौंसरच्या कॉलेजात जायचो आणि इंजिनाच्या झाकणावर, काकांच्या शेजारी बसायचो. एक दिवस पुस्तक संपलं आणि काकांना दुसरं लावता येईना. मी लावून दिलं. त्या दिवसापासून पुढचं पुस्तक शोधणं माझ्याकडे आलं.

शोधायचा नियम मात्र त्यांचा. "ज्याचं आपल्याले काईच मालूम नाही, ते लाव."

हा नियम ते फार कडक पाळायचे. मी विषय सुचवला, की काका गाडीभर विचारायचे, "मिठाचं कोनाले मालूम हाय?" एक जरी हात वर झाला तरी विषय बाद. मी एकदा दातांचं पुस्तक आणलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने हात वर केला. "थोडंसं मालूम हाय."

"मंग तू उतरून जा," काका म्हणाले. "आमी आयकतो."

गाडी हसली. पण पुस्तक नाहीच लागलं.

संत्र्याचं आणि कापसाचं तर विचारायचीच सोय नव्हती. मी एकदा नुसतं नाव काढलं तर मागच्या सीटवरून आवाज आला, "संत्र्याचं त्यायले काय मालूम? त्यायलेच इकडं पाठवा." सगळेच हात वर. त्यामुळे संत्र्याच्या गावाहून निघणाऱ्या आमच्या गाडीत संत्र्याचं पुस्तक कधीच वाजलं नाही.

एकच वाचक पुष्कळ पुस्तकं वाचतो, हे काकांना पटत नव्हतं. आवाज तोच, म्हणजे लिहिणारा माणूसही तोच, असं त्यांचं ठाम मत. "हा कधी मुंग्यायमधी राह्यते, कधी चंद्रावर जाते. याले घरी जेवू कोन घालते?" मी समजावून सांगितलं. ते हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बाईचा आवाज लागला तेव्हा हळूच मला विचारलं, "त्याची बायको काय?"

मी हसलो, पण एकदा ते काहीतरी वेगळंच बोलून गेले. जाम नदीचा पूल मागे पडला होता. "एवढे वर्षं गाडी चालवली," ते म्हणाले. "एवढ्या किलोमीटरमधी माह्या गाडीचे चाकं कुठं कुठं गेले असते. गेले फक्त सौंसरले. अन् वापस आले. आता कुठं हा रस्ता बाहेर निंगून राह्यला."

म्हणून त्यांना ते पुस्तक चालू राहायला हवं होतं. आणि नेमकं तेच गाडीच्या मालकाला नको होतं.

पांढुर्णा जिल्हा झाला, गर्दी वाढली, गाड्याही वाढल्या. आमच्या मागोमाग सुटणाऱ्या गाडीत पडदा लागला, त्यावर नाचगाणी. मालक एक दिवस स्टँडवर आले. "लोक गाडीत शाळा शिकाले बसते का? पडदा लावतो मी. तुमाले नसन जमत तं किल्ली द्या."

"किल्ली देतो सेठ," काका म्हणाले. "चालू धडा तं संपू द्या."

मालकाला हसू आलं नाही. ते म्हणाले, "शनिवारी मी सोता गाडीत बसतो. मधात चढतो, कोनाले सांगू नका. एकानंबी गानं मागतलं तं सोमवारपासून पडदा, अन् तुमी दुसरी गाडी पाहा."

शनिवार त्यांनी मुद्दाम निवडला होता, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. शनिवारी आमची नेहमीची माणसं नसतात. कचेऱ्या बंद, कॉलेजला निम्मे जण दांडी मारतात. शनिवारी गाडी भरते ती जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी. त्यांना ना मागचं ठाऊक, ना पुढचं.

आता माझं थोडं सांगायला हवं. मी कॉलेजात कधी तोंड उघडत नसे. उत्तर येत असलं तरी माझी मान खाली. गाडीतही मागचं सांगायची वेळ माझ्यावर आली, की मी दोन वाक्यांत अडकायचो. कंडक्टर भाऊ म्हणायचा, "याले पास कोन करते बे?" आणि काका म्हणायचे, "थांब ना. इंजिनलेही गरम व्हाले वेळ लागते."

त्या शनिवारी गाडीत ऑक्टोपस चालू होता. मीच शोधला होता. काकांनी विचारलं होतं, "समुद्र कोनी पाह्यला?" एक बाई म्हणाली होती, टीव्हीत. "टीव्हीतला धरत नाही," काका म्हणाले, आणि विषय पास झाला होता.

गाडी सुटली. सावरगाव मागे पडेपर्यंत सगळे आपापल्या पिशव्या, नारळ आणि पोरं सांभाळत होते. मग एक तरुण म्हणालाच, "डायवर साहेब, हे काय लावलं? हनुमानाचं गानं लावा ना."

मालक अजून चढले नव्हते. पण पुढे कुठंतरी चढणारच होते. कंडक्टर भाऊचा चेहरा उतरला.

"लावतो ना बावा," काका शांतपणे म्हणाले. "पयले मागचं आयक. नाही जमलं तं लावतो." आणि डावा हात माझ्याकडे हलला. "उठ. मागचं सांग यायले."

"मी काका? एवढ्यायले?"

"चुकलं तं चुकलं."

मी उठलो. वरचा दांडा धरला. समोर सगळे अनोळखी चेहरे. मी त्या तरुणाच्या शेजारी बसलेल्या म्हातारीकडे पाहूनच बोलायला लागलो. म्हटलं, आजी, समुद्राच्या तळाशी एक मादी आहे. तिला आठ हात आहेत आणि हाड एकही नाही. तिच्या अंगात तीन काळजं आहेत. तिनं एका दगडाखाली अंडी दिली आहेत आणि ती त्यांच्यापुढे बसली आहे. पाण्यात उतरून पाहणारे लोक येतात, जातात, पुन्हा येतात. ती तिथंच. अंड्यांवर हळूहळू पाणी फिरवत असते. खेकडा समोरून गेला तरी धरत नाही.

"काईच खात नाही?" आजीने विचारलं.

"काहीच नाही."

"उपास हाय म्हना," आजी म्हणाली. "माहाही शनिवार हाय."

गाडीत हशा उसळला, पण टिंगलीचा नव्हता. मागून कोणी विचारलं, किती दिवस बसते? कोणी विचारलं, नवरा कुठं गेला तिचा? मी उत्तरं देत गेलो. मध्येच गाडी थांबली, मालक चढले, शेवटच्या सीटवर जाऊन बसले, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. काकांनी आवाज वाढवला. पुस्तक पुढे सुरू झालं.

तो तरुण पुन्हा काही बोलायला लागला, तेव्हा आजीने त्याच्या मांडीवर हात मारला. "चूप राह्य बे. तिचं काय झालं ते आयकू दे."

जामसांवलीचा फाटा आला. कंडक्टर भाऊने दार वाजवलं. "जामसांवली, जामसांवली. चला, उतरा."

कोणी उठलं नाही.

"उतरा ना मावशी, देव आला."

"देव कुठं पळून नाही चालला," आजी म्हणाली. "पिल्लं बाहेर येऊ दे."

गाडी फाट्यावर उभी. मागची पडद्याची गाडी हॉर्न मारत आली, गाणी वाजवत बाजूने पुढे गेली. खिडकीतून कोणी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. खाजगी गाडीचं टायमिंग चुकलं, की पुढच्या थांब्यांवरची माणसं दुसऱ्या गाडीत जातात, हे रोज प्रवास करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कंडक्टर भाऊ मालकाकडे पाहत होता. मालक पुढच्या सीटच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसले होते.

अंडी फुटली. तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं पाण्यात वर वर निघाली, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्यामागे पाणी फुंकत राहिली. मग तिचा रंग गेला. आवाज थांबला.

आजी उठली, पिशवीत हात घालून नारळ चाचपला. "एक तिच्याही नावानं फोडीन," म्हणाली आणि उतरली. तिच्या मागे सगळी गाडी उतरली. तो तरुण शेवटी उतरला. उतरताना त्याने मला विचारलं, "वापसीले कितीची गाडी हाय तुमची?"

गाडी रिकामी झाली. मालक मागून चालत आले, काकांच्या पाठीशी उभे राहिले. काकांनी किल्लीवर हात ठेवला होता. मला वाटलं, आता ती मागणार.

मालकांनी खाकरून मला विचारलं, "ते दगडाखाली काऊन बसली होती? मी मधात चढलो ना."

काकांनी आरशात पाहिलं. किल्लीवरचा हात उचलून मागे हलवला. "सांग सेठले. मागचं सांग."

सौंसर येईपर्यंत मी सांगत होतो. पडदा लागला नाही. उलट पुढच्या आठवड्यात मागच्या सीटजवळ एक नवा स्पीकर आला, कारण मालकांच्या मते तिथे नीट ऐकू येत नव्हतं. कॉलेजात मी त्याच महिन्यात वर्गापुढे उभा राहून बोललो. सर म्हणाले, एवढे दिवस कुठे होतास? मी म्हणालो, मधात चढलो सर. त्यांना काही कळलं नाही.

काकांनी गाडी सोडली ती कोणी काढलं म्हणून नाही. एका डोळ्यापुढे सावली येऊ लागली, ती त्यांनी स्वतःच सांगितली. "लोकं माह्यावर भरवसा ठेवून आयकून राह्यले, अन् मी अंदाजानं चालवू?" किल्ली त्यांनी स्वतः मालकांच्या हातात दिली आणि ते मुलीकडे इंदूरला गेले. थोड्याच दिवसांत त्यांचा नंबर लागेनासा झाला.

गाडीत पुस्तक चालू राहिलं. आता कंडक्टर भाऊ हात हलवतो. पण मला एकच काळजी लागून राहिली होती. तुम्हाला ती कदाचित क्षुल्लक वाटेल. काकांना पुस्तक संपल्यावर दुसरं लावता येत नव्हतं. डोळे असे, आणि जवळ कोण? ते कुठल्यातरी एका पुस्तकाच्या शेवटी तसेच बसून राहिले असतील, असं माझ्या मनात येई.

यंदा संत्र्याच्या हंगामात आमच्या गावचा ट्रकवाला इंदूरच्या मंडीत माल घेऊन गेला. परत आल्यावर त्याने मला चहाच्या टपरीवर गाठलं.

"काबे, मंडीत एक म्हातारा हाय. तुह्या वळखीचा हाय म्हनते."

मी चहा खाली ठेवला.

ट्रक खाली व्हायला तिथे फार वेळ लागतो. देशभरचे ड्रायव्हर रिकामे बसलेले असतात. आमचा ट्रकवालाही त्यांच्यात जाऊन बसला, तर मधोमध एक म्हातारा, उलट्या पेटीवर स्पीकर, आणि हिंदीत बर्फाच्या नद्यांबद्दल काहीतरी चालू. "मी म्हटलं, बावाजी, गानं लावा. तं तो म्हने, पयले मागचं आयक. एका सरदारजीनं मले पुरं मागचं सांगतलं. अन् मी पांढुर्ण्याचा म्हटलं तं मले सोडेचना."

"पण पुस्तक कोण लावून देतं त्यांना?"

"थोच बोलते ना मोबाइलसंग. तोंड जवळ नेते अन् म्हनते, ज्याचं मालूम नाही ते लाव."

मग त्याने काकांचा निरोप सांगितला. काकांनी तिथे सगळ्या ड्रायव्हरांना विचारलं होतं, संत्र्याचं कोणाला मालूम आहे? लसूणवाले, कांदेवाले, सफरचंदवाले, सगळे बसलेले. एकही हात वर झाला नाही.

"म्हने, त्या पोराले सांगजो, संत्र्याचं पुस्तक पाह्य. अन् नाही भेटलं तं तूच बोलून पाठव."