यानातली चोरी आणि आमच्या जिन्याखालची

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि हसण्यावारी गेलं असतं तर मीही हसले असते — म्हणून नाही सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

तेव्हा आम्ही फुलपाड्यात नवीन होतो. चार मजली बिल्डिंग, नळाला पाणी नावापुरतं, त्यामुळे दुपारी टँकर यायचा. तो येईपर्यंत आम्ही बायका ड्रम आणि कळश्या मांडून खाली उभ्या असायचो. आणि दर रविवारी सकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची — अवकाशयान, त्यातले पाच-सहा जण, दर भागात नवा ग्रह. आम्ही तिला 'यानवाली' म्हणायचो. पोरांपेक्षा आम्हालाच जास्त वेड होतं. पण आमच्या बाजूची लाइट बरेचदा नेमकी तेव्हाच जायची. मग एक रिवाजच पडला: जिने कुठेतरी भाग पाहिला असेल तिने टँकरच्या रांगेत तो सांगायचा.

आणि सांगायचे मी. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. मी हातवारे करायचे, आवाज बदलायचे, टँकर आला तरी सावंतकाकू म्हणायच्या, "थांब गं, आधी दार उघडलं का ते सांग." ज्यांनी भाग पाहिलेला असायचा त्याही माझ्या तोंडून पुन्हा ऐकायच्या. सून, बायको, आई यापलीकडे मी कुणीतरी आहे, असं मला फक्त त्या रांगेत वाटायचं.

मग चोरीचा भाग येणार असं दाखवायला लागले. यानातली मंडळी एका ग्रहावरच्या तिजोरीतून सूर्याचं बीज पळवणार होती. केवढी जाहिरात! आम्ही आठवडाभर दुसरं काही बोललो नाही. सावंतकाकूंनी तर चोरी कशी होईल यावर पैज लावली.

त्या रविवारी लाइट गेलीच. पण मी वसईला नणंदेकडे बारशाला गेले होते, आणि तिच्याकडे लाइट होती. पाळणा म्हणायला मला हाका मारत होते आणि मी आतल्या खोलीत टीव्हीला चिकटले होते. तुम्हाला सांगते — काय तो भाग! सगळा वेळ ती माणसं टेबलाभोवती नकाशा बघत बसली. मग जाहिराती. जाहिराती संपल्या तर मंडळी परत यानात, जेवतायत, बीज टेबलावर. चोरी जाहिरातींच्या मध्येच उरकली होती. मला रडू यायचं बाकी होतं.

हे मी रांगेत कसं सांगणार होते? दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रम सोडून माझ्याभोवती जमलेल्या. मी तोंड उघडलं आणि — चोरी झाली. माझी चोरी. कप्तान टँकरवाला बनून गेला. टँकरच्या पायपातून यानातली ती बारकी मुलगी तिजोरीत सरकली. पहारेकऱ्याने नळ उघडला तर पाण्याऐवजी हिचा हात! कुणीतरी किंचाळलं. सावंतकाकूंनी पैज हरल्याचं कबूल केलं. मी इतकी फुलून गेले होते की अंगावर काटा आला होता, स्वतःच्याच थापेने.

तेवढ्यात जयू बोलली.

जयू तळमजल्यावर राहायची. माहेर जूचंद्र गावचं, लग्न होऊन नुकतीच आलेली. रांगेत शेवटी उभी राहायची, कधी बोलायची नाही. कारण ती 'पानी' म्हणाली की आमच्यातली कुणीतरी हसायचीच. त्या दिवशी मात्र ती पुढे आली. त्या रविवारी ती माहेरी गेली होती, तिनेही भाग पाहिला होता. पहिल्यांदाच तिच्याकडे आम्हाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. किती उत्साहाने आली होती ती!

"मी पन बगला," ती म्हणाली. "मना नाय आवरला. चोरी झालीच नाय त्यान."

म्हणजे तिला आवडला नव्हता, आणि त्यात चोरी झालीच नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी — मी हसले. म्हटलं, "जयू, तू नेमकी तेव्हाच पानी भरायला उठली असशील."

'पानी' म्हटलं मी. मुद्दाम. सगळ्या खो खो हसल्या. तिला भाग कळलाच नसेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी ते खोडून काढलं नाही. माझं बोलणं शुद्ध होतं ना. तेवढ्यावर माझी थाप खरी ठरली आणि तिचं खरं खोटं.

इथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण वाहिनीने तोच भाग पुढच्या रविवारी पुन्हा दाखवायचं ठरवलं. सगळ्या सावंतकाकूंकडे जमणार, जयूलाही मुद्दाम बोलावलेलं, तिची फजिती बघायला. आणि त्या रविवारी नेमकी लाइट जाण्याचं लक्षण दिसेना. मी देवाजवळ लाइट जाऊ दे म्हणून हात जोडले. अशी प्रार्थना फुलपाड्यात कुणी केली असेल का?

नाही गेली. मग मीच घालवली.

आमच्याकडे फ्यूज मीच बसवायचे, नवरा विजेला घाबरायचा. भाजीची पिशवी घेऊन, रबरी चपला घालून मी जिन्याखाली मीटरपाशी गेले. बिल्डिंगचा मुख्य खटका खाली ओढला, आतले पांढरे फ्यूज उपसले, पिशवीत मेथीच्या जुडीखाली घातले. आणि खरं सांगू? मजा येत होती. टीव्हीवर जे बघायला मिळालं नाही ते मी करत होते. वळले तर समोर जयूचं दार उघडं, आणि दारात जयू. हात पिठाने भरलेले.

"भाजी आनली का, वयनी?" तिने विचारलं.

"हो," म्हटलं, आणि वर गेले.

समोरच्या बिल्डिंगमध्ये पंखे फिरत होते, म्हणून पुरुषमाणसं खाली उतरली. फ्यूज गायब. दुकान उघडवून नवे आणेपर्यंत मालिका संपली होती. चोर ठरवायला सावंतकाकूंना वेळ लागला नाही. जिचं खोटं उघडं पडणार होतं तिचंच हे काम, आणि मीटर तर जयूच्या दारासमोर. सगळ्या तिच्या दारात उभ्या राहून बोलत होत्या. मीही त्यांच्यात होते. जयूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मना नाय ठाव," आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ती रांगेत आली नाही. तिचा नवरा कामावरून आल्यावर संध्याकाळच्या दुसऱ्या टँकरचं पाणी भरायचा. तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, मीही नाही. वर्षभरात ती दोघं खोली विकून जूचंद्रला गेली. मी रांगेत भाग सांगत राहिले, आणि सगळ्या ऐकत राहिल्या.

तिने माझं नाव का घेतलं नाही? दया आली असेल का? मला तसं वाटत नाही. एकदा खरं सांगून तिने पाहिलं होतं, आम्ही काय केलं ते.

परवा मुलाच्या फोनवर तो भाग सापडला. घरी कुणी नसताना पाहिला. नकाशा, जाहिराती, मग जेवण. सावंतकाकू आता थकल्यात, पण भेटल्या की अजून टँकरच्या पायपातल्या चोरीची आठवण काढतात आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात. कालही हसल्या. मीही त्यांच्याबरोबर हसले.




चोरी झालीच नाय त्यान.