माळवद की पत्रे

आमच्या यजमानांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून परभणीत एक जुनं घर घेतलं, तेव्हा मी पिंगळीच्या शाळेत शिकवत होते. सन सत्तरनंतरची एक-दोन वर्षं असतील. राहायला आम्ही दोन्ही कुटुंबं पिंगळीतच होतो. हे घर भाड्यानं द्यायचं होतं. मधे भिंत, अलीकडच्या दोन खोल्या आमच्या, पलीकडच्या दोन दिरांच्या. वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. पहिल्याच पावसात ते दोन्हीकडं गळलं.

धाकट्या जावेनं मिस्त्रीला बोलावून घेतलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, मी मास्तरीण. मिस्त्रीनं सुरीचं टोक तुळईत खुपसून पाहिलं.

"वाळवी लागायलीय," तो म्हणाला. "आतवर गेली न्हाई अजून. माती टाकली की गळती थांबंल, पर वाळवी थांबायची न्हाई."

जाऊ माझ्याकडं आली. "अक्का, दोन्हीकडचं एकदमच काढून पत्रे टाकू. मजूर तेच लागतील, पत्रे बी एकाच गाडीत येतील."

"तुला करायचं तर कर," मी म्हणाले. "आमचं माळवद चांगलं हाय."

यजमानांना मी पटवलं, की दरसाल पांढरी माती टाकायची, एखादी फळी बदलायची, एवढ्यात दहा वर्षं निघतील. पत्र्यांना कितीतरी पट खर्च. पण खरं सांगायचं तर हा हिशोब मी नंतर केला. नकार आधीच देऊन बसले, कारण ही गोष्ट तिला माझ्याआधी सुचली होती.

तिनं माळवद उतरवलं. पोखर्णीचा एक सुतार आला आणि तिच्या जुन्या तुळया चांगल्या भावानं घेऊन गेला. पत्र्यांचा जवळजवळ निम्मा खर्च त्यातच निघाला. जुन्या लाकडाला किंमत येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"धाकटीला अक्कल हाय," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिच्याकडं बँकेतला कारकून भाड्यानं आला तो टिकला. माझ्याकडचे भाडेकरू तीनदा बदलले. परभणीला गेले की मी आधी तिच्या खिडकीकडं बघायची, कारकून अजून आहे का म्हणून. एका उन्हाळ्यात वावटळीत तिचा एक पत्रा सुटला, तर मला आतून बरं वाटलं. दिरांनी वर चढून तासाभरात तो ठोकून टाकला.

चौथ्या वर्षी माझ्या आतल्या खोलीतली तुळई वीतभर खाली आली. तोच मिस्त्री आला. माळवद उतरवलं, तर लाकडाचा आतून भुगा झालेला. पोखर्णीच्या सुतारालाही बोलावलं. त्यानं दोन तुळया ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, ह्या चुलीत घाला." चार वर्षांची माती, फळ्या, मजुरी गेली ती गेलीच, वर पत्र्यांचा अख्खा खर्च पडला.

जाऊ दारात उभी होती. आता बोलेल, म्हणून मी तयारीत राहिले.

"तुमच्या भाडेकरूचं सामान चार दिस माझ्या बाजूला ठिवा," ती म्हणाली. "मी इचारलंय माझ्या भाडेकरूला."

टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. सामान मी ठेवलं, पण तिच्याशी आठ दिवस धड बोलले नाही.

माझ्याकडंही पत्रे बसले, भाडंही वाढलं. तोवर तिनं मागच्या जागेत तिसरी खोली काढायला घेतली होती. मी यजमानांना विचारलं, आपल्याला तशी खोली काढायला किती लागतील.

ते म्हणाले, "तुला खोली पाहिजे का तिच्यासारखी खोली पाहिजे?"

पुढच्या रविवारी मिस्त्रीच्या घरी चौकशीला मीच गेले.