मुकीताईची सुटलेली ओळ

सभागृहात तिला सगळे मुकीताई म्हणायचे. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशी एक लांबट टेबल होतं, तिथं ती सव्वीस वर्षं बसत आली होती आणि सव्वीस वर्षांत त्या जागी तिच्या तोंडातून ब्र निघाला नव्हता. घरची माणसं हे नाव ऐकून पोट धरून हसायची. नवरा म्हणायचा, "त्यांना सांग, आठवड्यातून एकदा तरी हिला बोलू द्या. दिवसभर साठवलेलं सगळं आमच्यावर ओतते."

तिचं काम ऐकायचं आणि लिहायचं. वरच्या सरकारनं दवाखाने, शाळा, रस्ते आणि पाणी एवढा कारभार प्रांताकडे सोपवून दिलेला. त्याचा जाब प्रांताचे सदस्य प्रांताच्या मंत्र्यांना विचारायचे आणि बोललेला शब्द न् शब्द सहा प्रतिवेदक लघुलिपीत उतरवून घ्यायचे. एकेकाची पाळी दहा मिनिटांची. पुढचा येऊन शेजारी बसला, त्याची पेन्सिल चालू झाली, की पहिल्यानं उठायचं. टंकनखोलीत जाऊन आपली दहा मिनिटं टाइप करायची, खाली सही ठोकायची आणि कागद मुख्य प्रतिवेदकांच्या टोपलीत टाकायचा. त्यामुळे मुकीताईला आजवर एकही भांडण शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नव्हतं. "सिनेमाची मधली दहा मिनिटं बघून घरी यावं, तसं आहे माझं," ती सांगायची. "कोण मेलं ते कळतं. कुणी मारलं ते नाही."

नोकरीला लागली तेव्हाच्या म्हाताऱ्या साहेबांनी तिला एकदाच काय ते शिकवलं होतं: "पोरी, हाताला कान हवेत, तोंडाला कुलूप हवं, आणि चेहरा घरी ठेवून यायचा." ती खरोखरच चेहरा घरी ठेवून यायची. मंत्री रडले, सदस्यांनी कागद भिरकावले, एकदा तर कुणाचा तरी जोडा तिच्या टेबलावर येऊन पडला. तिनं तो कोपरानं बाजूला सारला आणि लिहीत राहिली.

या कामातली एक सोय मात्र बाहेरच्यांना ठाऊक नव्हती. प्रश्नांची उत्तरं आधीच छापून यायची, सकाळी सकाळी गठ्ठा टेबलावर असायचा. मंत्री छापील उत्तर वाचायला लागले की प्रतिवेदक ते लिहून घ्यायचे नाहीत. कागदावर एक गोल काढायचा, गोलात टिंब द्यायचं. म्हणजे 'छापील वाचले'. मग मंत्र्यांचं वाचून होईपर्यंत हात मोकळा. नंतर टाइप करताना त्या गोलाच्या जागी छापील उत्तराचं कात्रण चिकटवलं की झालं. तेवढ्या वेळात बोटं मोडता येतात, पेन्सिल बदलता येते, संध्याकाळी भाजी कुठली करायची तेही ठरतं. मुकीताईनं असे हजारो गोल काढले होते.

त्या दिवशी सकाळी गठ्ठा चाळताना तिची नजर सातव्या प्रश्नावर अडकली. डोंगरातल्या दहा खाटांच्या बाळंतपणाच्या दवाखान्याबद्दल होता. तो दवाखाना बंद करण्याचे शासनाने ठरवले आहे, हे खरे आहे काय? खाली उत्तर: हे खरे नाही.

त्या दवाखान्यात तिची धाकटी बहीण परिचारिका होती. दोघींची आईही धाकटीकडेच राहायची. आईची नजर गेल्यात जमा होती, पण त्या घराचे उंबरठे तिच्या पायांना पाठ होते. नव्या घरात नेली तर भिंतींवर आपटत फिरली असती. महिनाभर वावडी उठली होती की छोटे दवाखाने बंद करून सगळं जिल्ह्याला नेणार. खात्यानं परिचारिकांना फॉर्म पाठवले होते. बदली हवी असेल तर जवळचं ठिकाण मागून घ्या. फॉर्म दिला की आत्ताच्या जागेवरचा हक्क संपला. दिला नाही आणि दवाखाना बंद झाला, तर सरकार भिरकावील तिथं जायचं, मग ते प्रांताचं दुसरं टोक का असेना. जिल्ह्याच्या कचेरीत फॉर्म द्यायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

छापील उत्तर सभागृहात वाचलं जाईपर्यंत गुप्त. हे मुकीताईला कुणी सांगायला नको होतं; नव्या लोकांना तीच दटावून सांगायची. तरी ती जिन्याखाली गेली आणि तिनं धाकटीला फोन लावला.

"फॉर्म दिलास?"

"अजून नाही. एकच्या बसनं जाणार आहे. पाचच्या आत पोचणारी तीच शेवटची."

"देऊ नको."

"का गं?"

"मोठी बहीण सांगते म्हणून."

"ताई, तुझं ते कचेरीतलं कुलूप घरी कधी लागत नाही, आज कसं लागलं? सांग की नीट."

मुकीताईनं इकडंतिकडं पाहिलं. "बंद होत नाहीये. आज मंत्रीच सांगणार आहेत. छापील उत्तर आहे, मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय."

पलीकडे धाकटीनं श्वास सोडला तो फोनमधूनही जाणवला. मग ती आईला ओरडून सांगताना ऐकू आली, आणि मागून आईचा आवाज: "मोठीनं सांगितलं ना? मग झालं."

साडेअकराला मुकीताईची पाळी लागली ती नेमकी सातव्या प्रश्नावर. प्रश्न विचारणारे सदस्य डोंगराकडचे, पूर्वीचे शाळामास्तर. निवडून येऊन बारा वर्षं झाली तरी मंत्र्यांशी बोलताना त्यांचं बोट असं वर जायचं, जणू गृहपाठ न केलेलं पोर समोर उभं आहे. मास्तरांनी प्रश्नाचा क्रमांक उच्चारला. आरोग्यमंत्री उठले. त्यांची वाचायची पद्धत अशी, की जणू घाटातून उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक गेलाय. सभागृह निम्मं पेंगत होतं, निम्मं कुजबुजत होतं. अध्यक्ष खाली मान घालून कसल्या तरी कागदावर सही करत होते.

मुकीताईनं गोल काढला, टिंब दिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आता आई ओसरीवर बसून शेजारणींना सांगत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि चेहरा घरी होता तरी तिला हसू फुटायच्या बेतात होतं.

"हे खरे आहे," मंत्री म्हणाले. "पुढील महिन्याच्या एक तारखेपासून दवाखाना बंद. खाटा व सामान जिल्ह्याला हलवावे. परिचारिका इतरत्र पाठवाव्यात. सभागृहात विचारणा झाल्यास..."

आणि मंत्री थांबले.

मुकीताईला काय झालं ते पहिल्यांदा कळलंच नाही. कानात शिरलेलं डोक्यापर्यंत पोचायला वाटच मिळेना. तिच्या टेबलावरून मंत्र्यांच्या हातातली फाइल दिसायची. तीत वरचा कागद सभागृहासाठी आणि त्याखाली टाचणीनं लावलेला, खात्यानं मंत्र्यांच्या एकट्याच्या माहितीसाठी दिलेला. टाचणी निसटली होती. वरचा कागद मागं गेला होता आणि मंत्री खालचा वाचत सुटले होते. बोटं टेबलावर पडली होती ती दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी. पेन्सिल दोन वितींवर होती, ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

मास्तर उठले. बोट वर होतं. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

मंत्र्यांनी पानं उलटीपालटी केली. घसा साफ केला. "हे खरे नाही, असे म्हणालो."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"सदस्यांना ऐकण्यात चूक झाली असेल. छापील उत्तर समोर आहे, पाहावं."

आता सगळं सभागृह जागं झालं. अर्ध्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, पण ओरडायला कानांची काय गरज. अध्यक्षांनी हातोडा आपटला. "मी नोंद तपासतो. अडीच वाजता निर्णय देईन. नोंदीत असेल ते सभागृहात बोललं गेलं, बस."

नोंद मुकीताईच्या समोर होती. तिच्यात एक गोल होता आणि गोलात एक टिंब.

पुढचा प्रतिवेदक शेजारी येऊन बसला. त्यानं दोनदा कोपर मारल्यावर ती उठली.

टंकनखोलीत फोन नेता यायचा नाही. बाहेरच्या भिंतीतल्या कप्प्यात कुलूपबंद असायचा आणि कागद टोपलीत पडल्यावरच चावी मिळायची. बारा वाजायला दहा मिनिटं होती. कात्री, डिंक, छापील उत्तर, सगळं हाताशी होतं. गोलाच्या जागी कात्रण लावलं की कागद तयार. बाराला टोपलीत, बाराला फोन, एकची बस धाकटीच्या हाती. कुणी विचारलंच तर गोल खोटा नव्हता. सवयीनं काढलेला होता. ऐकलेलं आठवून लिहायचं तर ते चालत नव्हतं. इथं कानाचं काही चालत नाही, हाताचं चालतं. हाताकडून गेलं असेल, तर 'सुटले' अशी चिठ्ठी सही करून द्यायची, मग तळघरातून कामकाजाची टेप मागवायची, ती मुख्य प्रतिवेदकांसमोर ऐकायची. त्यातून दीड तासाच्या आत कधी कुणाची सुटका झालेली नव्हती. आणि चिठ्ठी सेवापुस्तकात लागायची, कायमची.

तिनं कात्रण कापलं. मागं डिंक लावला. 'हे खरे नाही' ही अक्षरं बोटावर घेऊन ती बसून राहिली. मंत्री खोटं बोलले याचा तिला धक्का बसला नव्हता. मंत्री तिनं उभ्या जन्मात पुष्कळ पाहिले होते. तिला आठवत होते ते गोल. शाळा, पूल, विहिरी, धान्याची दुकानं. हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. प्रत्येक गोलाच्या वेळी ती बोटं मोडत बसली होती. त्यातल्या किती गोलांखाली टाचणीनं लावलेला दुसरा कागद होता? किती जणींनी त्या दिवशी आपापल्या आयांना ओरडून सांगितलं होतं, की झालं, आता काळजी नाही?

डिंक बोटावरच वाळला.

मुख्य प्रतिवेदकांना सगळे आबा म्हणायचे. ती त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सुटलंय."

आबांनी आधी तिच्या मागं पाहिलं. कोण बोललं ते त्यांना कळेना. "कुणाचं?"

"माझं. सातव्याचं उत्तर."

"तुमचं?" आबांनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही रजेवर असतानासुद्धा तुमचं काही सुटत नाही. छापील आहे ना? लावा कात्रण."

"छापील वाचलं नाही त्यांनी."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आज तिचा चेहरा घरी नव्हता. मग त्यांनी खणातून चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं. "अडीचला अध्यक्षांना हा कागद हवाय, माहितेय ना? आणि मंत्र्यांना काय हवंय, तेही माहितेय?"

"माहितेय."

"लिहा मग. कसं सुटलं ते कारणही लिहावं लागतं."

तिनं लिहिलं: उत्तर आधीपासून माहीत असल्यामुळे.

तळघरातला टेपवाला जेवायला गेला होता. एक वाजला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकवर आला तेव्हा मुकीताईनं डोळे मिटून घेतले, जणू बस इथूनच सुटणार होती. सव्वाला टेप आली. खर्रर्र आवाजातून मंत्र्यांचं घाटातलं वाचन बाहेर पडलं, 'सभागृहात विचारणा झाल्यास'पर्यंत. आबांनी ते दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं नाही. तिनं टाइप केलं, सही केली. आबांनीही केली. कागद टोपलीत पडला. दीड वाजून गेला होता.

"ताई, बोल."

"बस?"

"गेली की. मला पाहून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मीच हातानं नाही म्हटलं. म्हटलं, आमच्या ताईनं सांगितलंय."

"फॉर्म?"

"पडलाय समोर. आई त्याच्यावर वाटी ठेवत होती, मी काढून घेतला." धाकटी हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. "ताई, रडतेस का?"

मुकीताईनं सांगितलं. गोल सांगितला, टाचणी सांगितली.

"म्हणजे परवाचे ते दोघे," धाकटी हळू म्हणाली. "खाटा मोजून गेले. मला म्हणाले, रंग द्यायचाय. मी त्यांना म्हटलं, हिरवा द्या."

"मी तुला बुडवलं."

"गप बस. अडीचला काय होणार?"

"अध्यक्ष नोंद वाचणार. मास्तर मंत्र्यांना सोडणार नाहीत. पण दवाखाना राहील असं काही नाही गं. आणि पाच वाजले की तुझा फॉर्म..."

"फॉर्मची कोरी पाठ आता लिहायला कामाला येईल. पेन कुठाय माझं... हं. त्या मंत्र्यानं काय म्हटलं ते मला शब्दाला शब्द सांग. इथं सगळ्यांना वाचून दाखवते, मग बघू खाटा कोण उचलतो."

मागून आईचा आवाज आला, "मोठी काय म्हणते?"

"लिहून देतेय, आई. थांब जरा." आणि मग फोनमध्ये: "सावकाश सांग हं. तुझी ती वाकडीतिकडी लिपी मला येत नाही."

मुकीताई जिन्याखाली उभी होती. वरून प्रतिवेदक, शिपाई, कुणाकुणाचे सचिव येत-जात होते. तिनं घसा साफ केला आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात सुरुवात केली, "हे खरे आहे." जिन्यावरचे दोघे-तिघे जागच्या जागी थबकले.

"झालं," धाकटी म्हणाली. "पुढं?"